मेश्राम काकूंनी ऐकलेली गोष्ट

समोरचा माणूस बोलू लागला की मेश्राम काकूंच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलू लागायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंना कंपवात असावा. इंदिरा नगरमधल्या त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं बघायला आम्ही गेलो होतो. माझा नवरा नितीन रेल्वेत इंजिनियर. बदलीवर लखनौला आलेला, आणि क्वार्टर मिळायला अवकाश होता. तो पाण्याची मोटर, गाडी लावायची जागा असं काय काय विचारत होता आणि काकू अंगठा-तर्जनी जुळवून साडीवर बारीक रेघोट्या ओढत होत्या. त्याचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "पाण्याचं तुम्ही दोनदा विचारलं. आधीच्या घरी लय त्रास झालेला दिसते."

त्रास झालाच होता. पण ते आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं.

काकू मूळच्या नागपूरच्या. यजमान बँकेत होते, त्यांच्या बदलीबरोबर लखनौला आल्या आणि इथंच एका सरकारी कार्यालयात स्टेनो म्हणून लागल्या. सगळी नोकरी साहेबलोकांचं बोलणं लघुलिपीत उतरवण्यात गेली. यजमान गेले, मुलगी लग्न होऊन नागपुरात स्थायिक झाली, स्वतः निवृत्त झाल्या, तरी बोटांची सवय गेली नाही. भाजीवाला भाव सांगत असो की बातम्या चालू असोत, बोटं लिहीत असायची. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "त्याचं काय आहे वर्षा, बोलणारा जे बोलला ते लिवाचं. त्यानं काय बोलाले पायजे होतं, ते नाही. साहेब चुकला तरी आपण त्याचं वाक्य नाही सुधरवायचं. त्याचं त्याले वाचून दाखवायचं. मग तोच सुधरवते."

आमची इरा तेव्हा चौथीत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. काकू तिच्याशी नागपुरी मराठीत बोलायच्या, ती त्यांच्याशी लखनवी हिंदीत, आणि दोघींचं कधी काही अडलं नाही. शाळेतून आली की दप्तर जिन्यात टाकून ती आधी खाली आजींकडे. तिला गोष्टी रचायचा नाद होता. खऱ्यातून सुरू करायची आणि मग कुठल्या कुठे न्यायची. काकू तिला कधीही 'छान' म्हणाल्या नाहीत. हे मला खटकायचं. लेकरानं एवढं रंगून सांगितलं तर दोन शब्द कौतुकाचे बोलायला काय जातं? काकू फक्त म्हणायच्या, "मग?" नाहीतर, "काऊन?" म्हणजे का. इरा थांबायची, विचार करायची आणि पुढं सांगायची.

एका हिवाळ्यात गच्चीच्या कठड्यावर वाळत ठेवलेला इराचा शाळेचा एक बूट माकडानं पळवला. पाण्याच्या टाकीवर बसून ते तो बूट हुंगत होतं. आम्ही काठी आपटली, केळं दाखवलं, काही उपयोग झाला नाही. इरानं त्याची गोष्ट केली. गोष्टीतली मुलगी माकडाशी बोलते, त्याला समजावते, रागावते, रडते. माकड काही बूट देत नाही. शेवटी मुलगी दुसरा बूटही त्याच्याकडे भिरकावते आणि म्हणते, "ले, एक से तू भी क्या करेगा." आणि अनवाणी जिना उतरते.

गोष्ट ऐकल्यावर काकूंनी मांडीवरची बोटं थांबवली. मग विचारलं, "फरशी गार होती का?"

"बहुत ठंडी," इरा म्हणाली. आणि तिनं ते वाक्य गोष्टीत घातलं.

पुढच्या वर्षी, इरा पाचवीत असताना, शाळेच्या ग्रुपवर मुलांच्या लेखनस्पर्धेची जाहिरात आली. देशभरातल्या बाललेखकांसाठी म्हणे. वर्गातल्या आयांनी धडाधड नावं दिली, तसं मीही दिलं. इरानं बुटाची गोष्ट इंग्रजीत लिहिली, मी टाइप करून पाठवली. आठवडाभरात मेल आली. अभिनंदन, आपल्या पाल्याची निवड झाली आहे. मेलमध्ये सोनेरी पट्टी, तिच्यावर इराचं नाव. शाळेनं निवड झालेल्या मुलांची नावं प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवली. इरा घरी आली ती उड्या मारतच. नितीननं मिठाई आणली. त्याच्या आईनं साताऱ्याहून फोन करून नातीला आशीर्वाद दिला.

दुसऱ्या मेलमध्ये खरं काय ते आलं. संग्रहात गोष्ट छापायची तर सहभाग शुल्क भरायचं, पुस्तकाच्या प्रती घ्यायच्या, दिल्लीत समारंभ आहे त्याचं वेगळं. शुल्क भरलं नाही तर जागा पुढच्या मुलाला जाणार. आणि तारीख अगदी तोंडावर.

नितीननं रक्कम पुन्हा विचारली, मग म्हणाला, "भरून टाकू. पोरगी खूश आहे ना?"

मला मात्र त्या दिवसापासून स्वस्थता नव्हती. ऑफिसात फायली समोर असताना मी फोनवर त्या संस्थेबद्दल शोधत बसायची. कुणी लिहिलेलं असायचं, फसवणूक आहे, पाठवणाऱ्या प्रत्येकाची निवड होते. कुणी मुलाचा पदकासह फोटो टाकलेला असायचा आणि खाली शंभर अभिनंदनं. माझा जीव दोन्हीकडून कुरतडला जायचा. खोटं असेल तर पैसे भरून मी मुलीला काय शिकवतेय? आणि खरं असेल तर? सगळ्यांची मुलं पुढं जातील आणि माझ्या संशयापायी माझी मागं राहील. त्यात संस्थेच्या बाईंचे फोन. आवाज मधाळ, पण घाई केवढी. "मैम, इरा बहुत टैलेंटेड है. ऐसे मौके पर पैरेंट्स को पीछे नहीं हटना चाहिए."

मग त्यांनी छापायचं पान तयार करून पाठवलं. डावीकडे इराचा फोटो, खाली 'यंग ऑथर', उजवीकडे गोष्ट. मी फोटो बघितला आणि मला भरून आलं. ठरवलं, भरायचे. फोन घेऊन काकूंना पान दाखवायला खाली गेले. काकू मटार सोलत होत्या. म्हणाल्या, "चष्मा आत आहे. तूच वाच. सावकाश वाच, इंग्रजी आहे ते."

मी वाचू लागले. मी ती गोष्ट स्वतः टाइप केली होती, पण छापायचं पान तोवर नीट वाचलं नव्हतं, फोटोच बघत बसले होते. काकूंची बोटं मटाराच्या साली सोडून मांडीवर आली. शेवटाकडे आल्यावर माझाच आवाज अडखळला. पानावरच्या गोष्टीत माकड बूट परत करत होतं. मुलगी त्याला केळं देत होती. दोघं मित्र होत होते. आणि शेवटी तात्पर्य होतं: प्राण्यांवर प्रेम करावं.

काकू म्हणाल्या, "पोरगी अनवाणी गेली ना खाली?"

"हो."

"मग हे कोणं लिवलं?"

काकूंनी हात पुसले आणि मला बसायला सांगितलं. त्या पहिल्यांदाच त्या विषयावर बोलल्या. तोवर मी रोज येऊन माझी धाकधूक त्यांना ऐकवत होते आणि त्यांनी एकदाही 'भर' किंवा 'भरू नको' म्हटलं नव्हतं.

"पैसे भराचे तर भर वर्षा. तुमचे पैसे आहेत. मी कोण सांगणारी? पण तिले हे जिंकलं म्हणून सांगू नको. विकत घेतलं तर विकत घेतलं म्हण. आणि हे पान तिले दाखव."

"तिला वाईट वाटेल, काकू."

"वाटंल. तिची गोष्ट आहे, तिलेच वाटंल ना."

त्या संध्याकाळी मी इरासमोर फोन ठेवला. नितीनही शेजारी बसला होता. मी तिला सगळं सांगितलं. ज्यांनी ज्यांनी गोष्टी पाठवल्या त्या बहुतेक सगळ्यांची निवड झालेली दिसते, छापायचे पैसे आपणच द्यायचे, आणि गोष्टीत त्यांनी बदल केलाय. तिनं पान मोठं करून वाचलं. शेवटापर्यंत गेली, पुन्हा वर आली, पुन्हा वाचलं. ती रडेल, चिडेल, म्हणेल हे माझं नाही, असं मला वाटलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "मम्मा, छपवा दो. वैसे भी कोई पढ़ता थोड़ी है."

मला त्या वाक्यानं जेवढं भ्यायला झालं तेवढं त्या संस्थेच्या कुठल्याच मेलनं झालं नव्हतं. दहा वर्षांची मुलगी, आणि तिला एवढ्यात कळलं होतं की पुस्तक फोटोसाठी असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर ती नेहमीसारखी काकूंकडे गेली. मीही ऑफिसातून लवकर आले होते, मागोमाग गेले. तिनं तेच वाक्य आजींनाही ऐकवलं. काकू उठल्या, कपाटातून एक पातळ पुस्तक काढून आणलं. पंधरा-वीस कवींचा एकत्रित संग्रह होता. नागपुरात कुणीतरी काढला होता, प्रत्येक कवीकडून वर्गणी घेऊन. त्यात काकूंची एक कविता होती. काकू कविता करायच्या हे मला तेव्हाच कळलं.

"प्रकाशनाले इथून नागपूरले गेली होती मी," त्या इराला सांगत होत्या. "नवी साडी नेसली होती. नाव पुकारलं, स्टेजवर गेली, शाल दिली. लय आनंद झाला. तो आनंद खोटा नव्हता बरं. मग गाडीत पुस्तक उघडलं तर कवितेच्या शेवटच्या दोन ओळी नाहीत. पानात मावल्या नसतील. एवढ्या लोकाईनं टाळ्या वाजवल्या, पण ओळी गेल्या हे कोणालेच समजलं नाही."

"फिर आपने क्या किया?"

"काही नाही केलं. घरी आली. पुढच्या वर्षी त्याईचं पत्र आलं, अजून एक संग्रह काढून राहिलो. मी पुन्हा पैसे पाठवले." काकू जरा हसल्या. "मग कविता अशीच कराले लागली, की पानात मावली पायजे. दोन-तीन वर्षांनी तेही सुटलं."

"वो दो लाइन क्या थीं?"

काकूंनी डोळे मिटले. मग सांगितल्या. मला त्या आता आठवत नाहीत. त्यांच्या आईच्या हातावरच्या भाजल्याच्या खुणेबद्दल काहीतरी होतं, एवढंच आठवतं. इरानं पुस्तक हातात घेतलं, कवितेच्या खाली राहिलेल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आजी, जगह तो थी."

काकूंनी चष्मा लावून पान जवळ घेतलं. मग म्हणाल्या, "होय बाई. होती की."

वर आल्यावर इरानं मला त्या बाईंना फोन लावायला सांगितलं. स्वतः बोलणार होती. मी स्पीकर चालू केला. तिनं सरळ विचारलं, "आंटी, मेरी कहानी का एंडिंग वापस हो सकता है? उसमें बंदर जूता नहीं देता." बाई हसून म्हणाल्या, "बेटा, इस एज ग्रुप में पॉज़िटिव एंडिंग रखते हैं. सबकी ऐसी ही की है. देखो, कितनी प्यारी लग रही है." इरानं पुन्हा विचारलं. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं, शिवाय उद्या शेवटची तारीख असल्याचंही. इरा माझ्याकडे बघत होती. माझं मन आतून ओरडत होतं, भरून टाक, संपव हे एकदाचं. मी गप्प राहिले. ती म्हणाली, "तो फिर रहने दीजिए, आंटी." आणि फोन माझ्या हातात देऊन बाथरूममध्ये जाऊन बसली.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढं शाळेत पुस्तकात गोष्ट आलेल्या मुलांचा सत्कार झाला. पदकं गळ्यात घालून ती मुलं स्टेजवर उभी राहिली आणि इरा खाली रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. वर्गशिक्षिकेनं सगळ्यांसमोर विचारलं, "इरा, तुम्हारा क्या हुआ?" त्यावर ती काय म्हणाली ते तिनं मला कधी सांगितलं नाही. ग्रुपवर फोटो आले. एका आईनं मला वेगळा मेसेज करून विचारलं, काही पैशांची अडचण होती का, सांगायचं ना. मी फोन उशीवर आपटला.

त्यानंतर इरानं लिहिणं बंद केलं. निदान मला तसंच दिसत होतं. टेबलावर फक्त शाळेच्या वह्या असायच्या. मी निमित्त काढून विचारायची, "काही नवीन सुचलं का गं?" ती म्हणायची, "नहीं मम्मा." उन्हाळा गेला, पावसाळा गेला. मला वाटायला लागलं, तत्त्वाच्या नादात मी पोरीची हौस मारली. नितीन म्हणायचा, मुलांचं असंच असतं, आज गोष्टी, उद्या स्केटिंग. मला ते पटायचं नाही. ती शाळेत गेली की मी तिचे कप्पे उघडून बघायची. गादीखाली, जुन्या पुस्तकांच्या मागं. काही सापडलं नाही की दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायची.

त्या हिवाळ्यात काकूंना ऐकायला कमी येऊ लागलं. यंत्र घेतलं, पण त्याच्या शिट्टीचा त्यांना ताप व्हायचा, मग काढून ठेवायच्या. दुपारी गच्चीवर उन्हात बसायच्या. एका रविवारी कपडे वाळत घालायला गेले तर इरा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगत होती. हात हलवत होती, मध्येच उठून चालून दाखवत होती. मला पाहिल्यावर थांबली. काकूंनी मला हातानंच खूण केली, जा. मी ओले कपडे तसेच बादलीत घेऊन खाली आले. मला राग आला होता, आणि बरंही वाटत होतं. त्यातलं काय जास्त होतं ते सांगता येणार नाही.

थंडी ओसरल्यावर काकूंची मुलगी त्यांना न्यायला आली. आता त्या एकट्या राहण्यासारख्या नव्हत्या. आम्ही चारबाग स्टेशनवर सोडायला गेलो. इरा आणि नितीन सामान लावत होते. मी खिडकीपाशी उभी होते. आजूबाजूच्या गोंगाटात काकूंना माझं बोलणं ऐकू येईना, म्हणून त्याच बोलल्या. "वर्षा, तिचे कप्पे उघडून नको पाहत जाऊ."

मी चपापले. त्यांना हे कसं कळलं ते मी विचारलं नाही. इराला माहीत होतं, एवढाच त्याचा अर्थ होता.

"तुले भेव वाटते, मले समजते," काकू म्हणाल्या. "पण ते भेव तुझं आहे बाई. तिच्या कप्प्यात कायले शोधतं?"

गाडी हलली. इरा तोवर खाली उतरून माझ्या बाजूला येऊन उभी राहिली होती. तिनं हात हलवला नाही. डबा दिसेनासा होईपर्यंत नुसती बघत राहिली.

काकू त्यानंतर आठ-नऊ महिने होत्या. मी अधूनमधून त्यांच्या मुलीला फोन करून चौकशी करायची. काकूंशी बोलणं व्हायचं नाही, त्यांना आता काहीच ऐकू येत नव्हतं. दिवाळीनंतर एका सकाळी मुलीचाच फोन आला. काकू झोपेतच गेल्या होत्या. आम्ही लगेच नागपूरला जाऊ शकलो नाही. इथं लखनौतच विकास नगरमध्ये काकूंच्या ओळखीतली काही मंडळी राहतात, त्यांनी बुद्धवंदना ठेवली, तिला गेलो. इरा माझ्या शेजारी हात जोडून बसली होती. रडली नाही.

पुढं काही दिवसांनी काकूंच्या मुलीनं पुन्हा फोन केला. घराच्या कागदपत्रांचं काहीतरी विचारायचं होतं. ते झाल्यावर म्हणाली, "ताई, एक विचारू? दर रविवारी दुपारी इराचा फोन यायचा. आईला तर काही ऐकू येत नव्हतं. मी इराला सांगितलं होतं तसं. ती म्हणाली, कोई बात नहीं मौसी, बस फोन उनके कान पर रख दीजिए. आई अर्धा-अर्धा तास फोन कानाला लावून बसायची. मध्येच हसायचीसुद्धा. काय सांगायची हो इरा तिला?"

मी इराच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.